बॉनेटखालची कुलूपबंद विद्या

अकोल्याहून निघालेला रस्ता पातूर मागे टाकतो, घाट ओलांडतो आणि वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील मेडशी या गावाला येतो. तोच पुढे वाशीम, हिंगोली, नांदेड करीत तेलंगणातील संगारेड्डीपर्यंत जातो. सरकारदप्तरी त्याचे नाव राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१. अशा हमरस्त्यावरच्या गावांत वाहनदुरुस्ती हा केवळ धंदा नसतो, ती एक सार्वजनिक सोय असते. सोयाबीन बाजारात नेणारा टेम्पो, रुग्णाला घेऊन अकोल्याकडे निघालेली जीप, लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी ही सारी वाहने अखेर रस्त्याकाठच्या मिस्त्रीच्या भरवशावर धावत असतात. त्या मिस्त्रीच्या हातची विद्या आज त्याच्या हातून निसटत चालली आहे. हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो शिक्षणाचा आणि मालकीहक्काचा प्रश्न आहे, म्हणून ज्यांच्या दारी मोटार नाही त्यांनीही त्याचा विचार करावयास हवा.

एके काळी मोटार हे उघडे पुस्तक होते. मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये अखेरचा निरोप घेतलेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी किंवा खेड्यापाड्यांतून फिरलेली महिंद्राची जीप यांचे बॉनेट उघडले की सारी यंत्ररचना डोळ्यांसमोर येई. कार्बोरेटरचा जेट फुंकून साफ करता येई, डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटांचे अंतर पातळ पत्र्याच्या फीलर गेजने बसविता येई आणि टायमिंग तर अनुभवी मिस्त्री कानानेच जुळवीत असे. पेट्रोल परवडेनासे झाले तेव्हा कित्येक जीपगाड्यांत आणि ॲम्बॅसेडरांत डिझेल इंजिने बसविली गेली, तीही अशाच कार्यशाळांतून. ही सारी विद्या पुस्तकांत नव्हती. ती उस्तादाकडून शागिर्दाकडे, हातातून हातात जात होती. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० सुद्धा प्रारंभी कार्बोरेटरचीच होती. त्यामुळे गाडीचे रूप पालटले तरी मिस्त्रीचे ज्ञान कालबाह्य झाले नाही.

खरा पालट झाला तो २००० सालच्या सुमारास. धुराचे निर्बंध कडक होऊ लागले, कार्बोरेटर गेला आणि त्याच्या जागी विद्युत्‌नियंत्रित इंधनफवारे आले. त्या फवाऱ्यांवर हुकमत चालविण्यासाठी ईसीयू नावाची एक बंद पेटी आली. हा छोटासा संगणकच होय. इंजिनाचा दांडा कोणत्या क्षणी कोठे आहे, आत येणारी हवा किती, पाणी किती तापले, धुरात प्राणवायू किती उरला, हे निरनिराळे सेन्सर त्याला क्षणोक्षणी कळवितात आणि इंधन किती व केव्हा सोडावयाचे, ठिणगी केव्हा पाडावयाची, हे तो ठरवितो.

ही पेटी मिस्त्रीचा पोटावर पाय देण्यासाठी आलेली नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळावयास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. धुराड्यात बसविलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विषारी वायूंचे रूपांतर नीट करतो तो या प्रमाणाच्या अगदी आसपासच. चढणीला, उतारावर, मे महिन्याच्या उन्हात आणि पौषाच्या पहाटे हे प्रमाण राखणे कार्बोरेटरच्या आवाक्याबाहेरचे होते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या निकषांनी तर डिझेल मोटारींच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० मिलिग्रॅमवर आणली. संगणकाखेरीज हे शक्य नाही. जुन्या गाड्यांच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी त्या गाड्यांचा धूरही आठवावा.

संकेतांक म्हणजे निदान नव्हे

या नव्या यंत्राला स्वतःच्या दुखण्याची नोंद ठेवता येते. एप्रिल २०१३ पासून आपल्याकडील मोटारींना ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्सची दुसरी, अधिक कसोशीची पायरी लागू झाली. स्टिअरिंगखाली सोळा पिनांची एक खोबण असते. तिला वाचकयंत्र जोडले की ईसीयूने टिपून ठेवलेले बिघाडांचे संकेतांक वाचता येतात. ब्लूटूथवर चालणारी साधी वाचकयंत्रे आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही हे संकेतांक दाखवितात. येथेच हौशी माणसाची आणि अर्धशिक्षित मिस्त्रीची फसगत होते.

उदाहरणार्थ, पी ०१७१ हा संकेतांक घ्या. इंधनाच्या मानाने हवा अधिक होत आहे, एवढाच त्याचा अर्थ. कारण मात्र अनेक असू शकतात : हवेची रबरी नळी चिरली असेल, हवा मोजणारा सेन्सर धुळीने माखला असेल, इंधनपंप दुबळा झाला असेल किंवा फवाराच तुंबला असेल. पंचवीस-पन्नास रुपयांची नळी बदलून जे काम व्हावे, त्यासाठी हजारो रुपयांचे सेन्सर बदलले जातात आणि दिवा पुन्हा लागतो तो लागतोच. ताप हे लक्षण आहे, रोग नव्हे, हे वैद्याला शिकवावे लागत नाही. मोटारीच्या वैद्याला ते शिकविण्याची सोय मात्र आपण केलेली नाही. संकेतांक पुसून टाकला म्हणजे गाडी दुरुस्त झाली, ही समजूत तर आणखी घातक. संकेतांकासोबत बिघाडाच्या क्षणीची इंजिनाची गती आणि तापमान यांचीही नोंद असते. ती उतरवून न घेता पुसणे म्हणजे चौकशीपूर्वीच पुरावा नष्ट करणे होय.

हौसेचे गणित

या अर्धज्ञानाचे दुसरे अपत्य म्हणजे गाड्यांत मनमानी फेरफार करण्याची हौस. सर्वांत साधे उदाहरण दिव्यांचे. कंपनीने दिलेला मोठ्या प्रकाशझोताचा दिवा ६० वॅटचा असतो. बारा व्होल्टला तो ५ अँपिअर प्रवाह घेतो. हौशी मालक तेथे १०० वॅटचा बल्ब बसवितो. प्रवाह सुमारे ८.३ अँपिअर होतो. वाढ दीडपटीच्या थोडी वर दिसते. परंतु तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती जवळजवळ २.८ पट होते. तार तीच, स्विच तोच. काही दिवसांनी वेष्टण वितळते, शॉर्ट सर्किट होते आणि गाडीने पेट का घेतला याचे गूढ सर्वांना पडते. शाळेच्या भौतिकशास्त्रातील एक सूत्र जाग्यावर असते तर हे गूढ उरले नसते. समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात तो अपराध वेगळाच.

ईसीयूमधील आकडे बदलून इंजिनाची ताकद वाढविण्याचा प्रकार, ज्याला रीमॅपिंग म्हणतात, तो याच जातीचा. इंधन आणि टर्बोचा दाब वाढवून ताकद वाढते, हे खरे. पण क्लच, गिअरपेटी आणि टर्बो ज्या भारासाठी घडविलेले असतात तो भार बदलत नाही. धुराचे तापमान आणि काजळी मात्र वाढते. डिझेल गाडीतील काजळी अडविणारी गाळणी वारंवार तुंबते म्हणून ती काढून टाकण्याचा उद्योग तर सरळसरळ दुसऱ्याच्या फुप्फुसांवर केलेला व्यवहार आहे. ही गाळणी स्वच्छ व्हावयास साचलेली काजळी ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जळावी लागते आणि गावातल्या गावात चार-चार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला तेवढा ताव येत नाही. दोष गाळणीचा नाही. गाडीची निवड चुकली, किंवा तिला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालविण्याचे पथ्य कोणी सांगितले नाही.

कायदाही येथे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलांहून भिन्न होतील असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. सीएनजी संच बसविण्यासारख्या गोष्टींना मुभा आहे, पण मान्यताप्राप्त संच आणि नोंदणीपुस्तकात नोंद या अटींवर. २०१९ च्या दुरुस्तीने अवैध फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे.

मात्र दंडाच्या पलीकडे पाहिले पाहिजे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून सुमारे ६०,००० रुपयांत चारचाकी गाडी उभी केली. ती सुरू होई पायाने किक मारून. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. ही गाडी नियमांत बसत नाही हे सांगतानाच आनंद महिंद्र यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार यांना मिळाली. घटना सुखान्त आहे. परंतु अशी प्रतिभा असलेल्या प्रत्येकाला उद्योगपतीची नजर लाभत नाही. कायदा तिला अडवितो ते योग्यच. पण कायद्यात बसणारी वाट तिला दाखविणारी व्यवस्था कोठे आहे?

कुलूप कोणाच्या हिताचे?

गाडीची माहिती गुप्त राखणारे उत्पादक नेहमी सुरक्षिततेचा आणि प्रदूषणाचा दाखला देतात. त्यात तथ्य आहे, पण ते निम्मे. २०१५ साली उघडकीस आले की, फोक्सवॅगनने जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत चाचणी ओळखणारी आज्ञावली बसविली होती. चाचणीपुरता धूर स्वच्छ, रस्त्यावर मात्र अनेकपट. भारतात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या तपासणीनंतर कंपनीला ३ लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. म्हणजे ज्या बंद पेटीत मिस्त्रीने हात घालू नये म्हणून आपण दंड ठेवला, तिच्या आत कंपनीनेच हात घातला होता. गुप्तता ही शुचितेची हमी नव्हे, एवढा धडा यातून घ्यावयास हरकत नाही.

आपल्याकडे याचा विचार झालाच नाही असे नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची उपकरणे खुल्या बाजारात मिळू न देणे, हा त्यांच्यावरील ठपका होता. स्वतंत्र कार्यशाळांना ही सामग्री व माहिती उपलब्ध करून द्यावी, असा आयोगाचा आदेश होता. त्याविरुद्ध कंपन्या वरच्या न्यायपीठांकडे गेल्या. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. तिच्या कक्षेत शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी, घरगुती उपकरणे आणि मोटारी हे सारे होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी तर २०१२ आणि पुन्हा २०२० मध्ये मतपेटीतूनच या हक्काच्या बाजूने कौल दिला. ज्याने गाडीची पूर्ण किंमत मोजली त्याला तिचे दुखणे कळण्याचा हक्क असावा, यात क्रांतिकारक असे काय आहे?

परंतु हक्क कागदावर मिळून भागत नाही. तो वापरण्याची पात्रताही लागते. येथे प्रश्न पुन्हा मेडशीसारख्या गावाकडे येतो. २०१८ मध्ये निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशीमचा समावेश झाला आणि कौशल्यविकास हा त्या कार्यक्रमाच्या विषयांपैकी एक आहे. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. जून २०२५ पासून तो मुंबईपर्यंत पूर्ण खुला झाला आहे. वाहने वाढली, वेग वाढला, यंत्रे सूक्ष्म झाली. मग रस्त्याकाठच्या मिस्त्रीच्या शिक्षणाची तरतूद रस्त्याच्या खर्चात का धरली जाऊ नये?

यासाठी अचाट काही करावयाचे नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार वाहन मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहेच. वयाने आणि संसाराने त्या वर्गात बसू न शकणाऱ्या चाळिशीच्या मिस्त्रीसाठी तेथेच सायंकाळचे महिनाभराचे वर्ग भरविता येतील. त्यांत मल्टिमीटर धरणे, तारांचा आराखडा वाचणे, संकेतांकापासून कारणापर्यंत पायरी-पायरीने जाणे एवढे शिकविले तरी पुष्कळ झाले. आराखडे आणि दुरुस्तीच्या पुस्तिका मराठीत देण्याची सक्ती कंपन्यांवर करता येईल. शाळेच्या प्रयोगशाळेत ओहमचा नियम शिकविताना मोटारीची बॅटरी टेबलावर ठेवता येईल. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते, चालू असताना १४ च्या आसपास. हे दोन आकडे ज्या विद्यार्थ्याला ठाऊक आहेत, त्याचा बाप बॅटरीच्या दुकानात सहसा फसणार नाही.

वाहनमालकालाही आपली मर्यादा आणि आपले कर्तव्य दोन्ही ओळखता येतील. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी काढणे, अर्थिंगची तार घट्ट व स्वच्छ ठेवणे, हवेची गाळणी वेळेवर बदलणे, शीतक द्रवाची पातळी आणि टायरचा दाब पाहणे ही कामे कोणासही करता येतील. इलेक्ट्रॉनिक वाटणाऱ्या किती तरी बिघाडांचे मूळ अशाच एखाद्या सैल वा गंजलेल्या जोडणीत असते. गाडीत घालण्याजोगी सर्वांत मोलाची सुधारणा कर्कश सायलेन्सर नव्हे, डोळे दिपविणारा दिवाही नव्हे. निगा हीच ती सुधारणा होय. तिला परवाना लागत नाही आणि तिच्यावर दंडही होत नाही.

यंत्र माणसाच्या हाती आले म्हणजे माणूस प्रगत झाला, असे आपण समजतो. परंतु जे यंत्र आपण विकत घेतो, चालवितो, ज्यावर पोट भरतो, त्याच्या आत काय चालते हे ना मालकाला ठाऊक, ना मिस्त्रीला, अशी स्थिती असेल तर ती प्रगती नव्हे. ती नवी परावलंबिता आहे. धुराचे नियम पाळलेच पाहिजेत, ईसीयूशी खेळ थांबलाच पाहिजे. पण फेरफाराला बंदी आणि ज्ञानाला बंदी या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली समाजाच्या हिताची आहे. दुसरी फक्त कुलपाची किल्ली ज्याच्या खिशात आहे त्याच्या हिताची. ती किल्ली मेडशीच्या मिस्त्रीपर्यंत पोहोचविणे हे शासनाचे काम आहे, आणि ती मागून घेणे हे आपले.