पापे पदरी घेणे

नागपुराहून पूर्वेस निघालेली आगगाडी कन्हान ओलांडून भंडारा रोड, तुमसर, गोंदिया ही स्थानके घेत राजनांदगावाकडे जाते. सन १८९३ मध्ये या वाटेने राजनांदगावास निघालेल्या एका तरुण चित्पावन कवीची आगगाडीत एका युरोपियन मिशनऱ्याशी गाठ पडली. मिशनऱ्याने त्यास नव्या कराराची एक प्रत दिली. कवी होते नारायण वामन टिळक. पुस्तक वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनाशी आले आणि तेथेच खिळून राहिले, ही हकीकत आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. परंतु त्या प्रवचनात एक लहानशी आज्ञा आहे, तिजकडे आपल्या लोकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. देवास अर्पण करण्यासाठी तू वेदीपाशी आलास आणि आपल्या भावाचे आपल्याविरुद्ध काही म्हणणे आहे असे तेथे तुला आठवले, तर अर्पण तसेच वेदीपुढे ठेवून आधी जा, भावाशी समेट कर आणि मग येऊन अर्पण कर, असा तिचा आशय आहे. पूजा अर्ध्यावर टाकून उठावे असे सांगणारा धर्म आम्हांस प्रथम वाचनी मोठा चमत्कारिक वाटला.

ख्रिस्ती मनुष्य ज्यास पापांची कबुली म्हणतो, त्यास मराठी बायबलात ‘पापे पदरी घेणे’ असा शब्दप्रयोग आहे. ज्या कोणी भाषांतरकाराने तो योजिला, त्याचे मराठी केवळ पुस्तकी नव्हते खास. कबुली फौजदाराच्या दमदाटीनेही निघते. परंतु पदरी घ्यावयाचे ते आपण होऊन, पदर पसरून. ‘पश्चात्ताप’ या आपल्या शब्दात मागाहून होणारा ताप तेवढा आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणे असा आहे. नुसते पोळणे निराळे आणि तोंड फिरवून दुसऱ्या वाटेस लागणे निराळे.

ही कबुली सर्व ख्रिस्ती पंथांत एकाच रीतीने होते असे मात्र नव्हे. रोमन कॅथलिक मनुष्य धर्मगुरूपाशी एकांतात जाऊन पापे सांगतो. वर्षातून निदान एकदा तरी हे करावेच, असा नियम १२१५ सालच्या लॅटरन परिषदेने घातला. ऐकलेले पाप कोणत्याही कारणास्तव बाहेर न फोडण्याचे बंधन धर्मगुरूवर असते. भंडाऱ्यास ठाणे घातले ते स्कॉटलंडच्या मिशनने, आणि त्या पंथात असा मध्यस्थ नाही. उपासनेत सर्वांच्या वतीने कबुलीची प्रार्थना होते आणि क्षमेचे वचन वाचून दाखविले जाते. १९७० साली उत्तर हिंदुस्थानातील अनेक मंडळ्या मिळून एक चर्च झाले, तरी ही चाल राहिली आहे.

आपल्या धर्मशास्त्रास हा विचार परका आहे असे कोणी समजू नये. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापापासून सुटण्याची साधने सांगितली आहेत, त्यांत तप, अध्ययन व दान यांच्याही आधी ख्यापन, म्हणजे पाप बोलून दाखविणे, आणि अनुताप ही येतात. पुढे व्यवहारात असे झाले की दान व तप यांचे दर ठरले, आणि ख्यापन मागे पडले. पुण्याच्या पंचहौद मिशनातील चहाचे प्रकरण पाहा. १४ ऑक्टोबर १८९० रोजी काही प्रतिष्ठित मंडळी तेथे जमली, चहा-बिस्किटे पुढे आली, कोणी घेतली, कोणी घेतली नाहीत. गोपाळराव जोशी यांनी नावे छापविली, वाद शंकराचार्यांपर्यंत गेला, आणि अखेर न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक या दोघांसही प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्यांपैकी एकाच्याही मनास त्या पेल्याची टोचणी लागली असेल, असे आम्हांस वाटत नाही. जेथे पाप नव्हते तेथे प्रायश्चित्त झाले. जेथे पाप असते तेथे काय होते, ते पुढे सांगतो.

त्याच दशकात भंडाऱ्याकडे दुष्काळ आला. १८९६ साली पाऊस लवकर आटोपला आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील धान बुडाले. मध्यप्रांतातील या दुष्काळाची वार्ता ऐकून पंडिता रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि अनाथ मुलींस घेऊन परतल्या. केडगावचे मुक्तिसदन अशा शेकडो मुलींनी भरले. रमाबाईंचे आईबाप १८७४ साली दुष्काळातच गेले होते. भुकेने माणसाचे काय होते हे त्यांस कोणी सांगावयास नको होते.

याच केडगावी १९०५ साली जो प्रकार घडला तो ख्रिस्ती जगात गाजला. जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेस बसण्यासाठी मुलींस बोलाविले, तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोन वेळा साडेपाचशे बसू लागल्या. ३० जून रोजी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय आपल्या नेहमीच्या शांत पद्धतीने समजावून देत असता मुली रडू लागल्या आणि आपली पापे मोठमोठ्याने बोलू लागल्या. शाळेचे वर्ग बंद ठेवावे लागले. एकीचे पाहून दुसरी रडते, समुदायाचा ताप संसर्गजन्य असतो, हा आक्षेप तेव्हाही निघाला आणि तो अगदीच टाकाऊ नाही. त्या मुलींनी काय कबूल केले याची चौकशी करणे मात्र असभ्यपणाचे होईल. दुष्काळात जगलेल्या मुलीच्या मनावर कशाकशाचे ओझे असेल! पुष्कळ वेळा ते पाप तिचे नसेलही; जगल्याचीच लाज असेल.

आम्हांस याहून अधिक बोधप्रद वाटते ती खुद्द रमाबाईंची गोष्ट. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. परंतु १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी स्वच्छ सांगितले आहे की, पुढील आठ वर्षे आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता. विधी झाला, मते पटली, विधवांसाठी शारदासदन निघाले, जगात नाव झाले; तरी आतले ओझे तसेच. पुढे हॅझलम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचे आत्मवृत्त त्यांच्या हाती पडले. हा गृहस्थ १८५१ साली स्वतःच प्रवचन करीत असता व्यासपीठावर पालटला! तो धर्मोपदेशक होता, पण तोवर आपल्याच उपदेशाबाहेर होता. तेव्हा रमाबाईंस उमगले की सत्कृत्यांची रास घालून क्षमा विकत घेण्याचा आपला खटाटोप चालला होता. क्षमा ही दान म्हणून घ्यावयाची असते, आणि दान देण्यापेक्षा घेणे अभिमानी मनुष्यास जड जाते.

क्षमा अशी फुकट मिळू लागली तर लोक खुशाल पाप करतील, ही शंका पौलासही कोणी घातली होती. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तो तीस सरळ तोंड देतो. जक्कय जकातदाराचे उदाहरण तर त्याहून बोलके आहे. येशू त्याच्या घरी उतरला एवढ्यानेच तो उठून म्हणाला की, अर्धी मालमत्ता गरिबांस देतो आणि ज्यास लुबाडले त्यास चौपट परत करतो. आधी क्षमा, मागाहून हिशेब. परंतु हिशेब चुकत नाही.

आमच्या घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा व्हावयाचा नाही. आमची एक आत्या बालविधवा. माहेरी, भंडाऱ्याच्या घरी, तिचा जन्म स्वयंपाकघरात गेला. तिच्या पाटल्या थोरल्या काकांनी एका अडचणीच्या वर्षी गहाण टाकल्या, त्या सुटल्या नाहीत. तिला सांगितले की तिजोरीत आहेत. काका सज्जन होते. काशीयात्रा झाली, अनुष्ठाने झाली, अंतकाळी यथाविधि सर्वप्रायश्चित्त झाले, गोदान झाले. भटजींनी पापांचा उच्चार करविला तो संस्कृतात. चार पावलांवर आत्या पेज ढवळीत होती, तिला कोणी हाक मारली नाही.

पुढे बारा-पंधरा वर्षांनी काकांचा मुलगा, आमचा दादा, जुनी कागदपत्रे चाळीत असता त्यास गहाणखत सापडले. तो चार दिवस जेवला नाही की धड बोलला नाही. पाचव्या दिवशी कागद हाती घेऊन तो आत गेला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. ती चिन्नोर निवडीत होती. त्याने सर्व सांगितले आणि सोन्याचे पैसे पुढे ठेवले.

आत्या सूप खाली न ठेवता म्हणाली, “मला ठाऊक होतं रे. त्यानं सांगितलं असतं तर बरं होतं.” मग थोड्या वेळाने तिने सुपातला एक खडा काढून बाजूस टाकला आणि विचारले, “शेवटी शेवटी त्याला झोप लागत नसे, ती यापायीच का?”

दादास त्याचे उत्तर देता आले नाही. त्या रात्री तो जेवला. पान आत्याने वाढले.