लोपाची रीत

व्याकरणात ‘लोप’ हा शब्द तुम्ही वाचला आहे. ‘निः’ आणि ‘रस’ यांचा संधी होताना विसर्गाचा लोप होतो व ‘नीरस’ हा शब्द तयार होतो. विसर्ग दिसेनासा झाला, तरी जाताना आपली खूण ठेवून जातो. त्याच्या मागचा ऱ्हस्व इकार दीर्घ होतो. हाच शब्द गणितातही योजतात. तेथे लोप कशाचा होतो व तो कशासाठी करावयाचा, हे आपण पाहू.

नवी मुंबईतील सीवूड्सच्या लगत करावे व दारावे ही खाडीकाठची जुनी गावे आहेत. आता भोवती उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तरी मासळीचे वाटे लावून विकण्याची पद्धत मोडलेली नाही. समजा, तेथील एका इमारतीतील दोन शेजारणींनी एकाच कोळिणीकडून, एकाच भावाने मासळी आणली. पहिलीने कोळंबीचे २ व बोंबलांचे ३ वाटे घेऊन ७०० रुपये दिले. दुसरीने कोळंबीचे २ वाटे व बोंबलांचा १ वाटा घेऊन ५०० रुपये दिले. घरी आल्यावर पहिलीने कोळंबीचा एक वाटा तळमजल्यावरील आजींना दिला. आजींनी विचारले, “याचे पैसे किती द्यायचे, बाई?” वाट्याचा भाव तर कोणीच विचारला नव्हता! अंदाजाने आकडा सांगावा, तर आजींवर तरी अन्याय व्हावा किंवा स्वतःचे तरी नुकसान व्हावे.

कोळंबीच्या एका वाट्याची किंमत क्ष व बोंबलांच्या एका वाट्याची किंमत य मानू.

२क्ष + ३य = ७००
२क्ष + य = ५००

समानातून समान वजा केले असता बाकीही समान राहते. म्हणून पहिल्या समीकरणातून दुसरे वजा करू. २य = २००, म्हणजेच य = १००. येथे क्ष चा लोप झाला. दोघींच्या पिशव्यांत कोळंबी सारखीच होती. तेव्हा २०० रुपयांचा फरक केवळ बोंबलांमुळे पडला, हे उघड आहे. आता य ची किंमत दुसऱ्या समीकरणात घातली, की २क्ष = ४०० व क्ष = २००. लोप पावलेली राशी परत आली. आजींनी २०० रुपये द्यावेत.

परंतु दुसरीने कोळंबीचे ३ वाटे व बोंबलांचा १ वाटा घेऊन ७०० रुपये दिले असते, तर? तर तिची खरेदी तिप्पट झाली असे मानावे: ९क्ष + ३य = २१००. यातून पहिले समीकरण वजा केल्यास ७क्ष = १४०० व पुन्हा क्ष = २०० हेच उत्तर मिळते.

मात्र दुसरीने सर्व काही पहिलीच्या दुप्पट घेऊन १४०० रुपये दिले असते, तर दोन्ही राशींचा एकदमच लोप होऊन ० = ० एवढेच उरले असते. तीच हकीगत दोनदा सांगितल्याने नवे ज्ञान मिळत नाही. आणि त्याच खरेदीचे तिने १५०० रुपये दिले असते, तर भाव एकच नव्हता किंवा हिशेबात चूक झाली, असे समजावे.

अनेक अज्ञात राशींचा विचार आपल्याकडे जुना आहे. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे दिली. पहिल्या अज्ञाताची किंमत प्रत्येक समीकरणातून काढून त्या किमती परस्परांशी समान मांडाव्यात, म्हणजे ते अज्ञात नाहीसे होते, अशी त्यांची रीत आहे. पुढे जर्मन गणिती गाउस याने १८१० मध्ये सादर केलेल्या निबंधात पॅलास या लघुग्रहाची कक्षा ठरवताना सहा अज्ञात राशींचा एकामागून एक लोप केला.

वाट्याचा भाव असो की ग्रहाची कक्षा, रीत एकच. पुष्कळ गोष्टी एकत्र गुंतल्या असता एकीला क्षणभर बाजूस सारावे, उरलेलीचे मोल ठरवावे आणि मग पहिलीला तिच्या जागी आणून पडताळा पाहावा. पडताळा जुळला, म्हणजेच हिशेब पुरा झाला.