झोपेचा हिशेब – भाग ५ : अंथरुणातले जास्तीचे तास

मागच्या भागात आपण पाहिले की झोप दोन गोष्टींवर ठरते : जागेपणी तासागणिक साचत जाणारी झोपेची गरज आणि शरीरातले घड्याळ. झुरिचचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केलेली ही मांडणी हाताशी ठेवूनच आज औषधाच्या दुकानात जाऊ. झोप येईनाशी झाली की बहुतेक माणसे डॉक्टरांकडे फार उशिरा पोहोचतात. त्याआधी जायफळ घातलेले दूध होते, अश्वगंधा होते, मेलाटोनिन होते, आणि ‘सर्दीची गोळी घे, छान झोप लागते’ हा सल्ला तर असतोच. माझे म्हणणे असे की महिनोन् महिने चाललेला निद्रानाश या उपायांनी हटत नाही, कारण तो ज्यावर पोसला जातो त्याला यांतला एकही उपाय हात लावत नाही. आणि तो बऱ्याचदा पोसला जातो तो झोप मिळवण्यासाठी आपणच केलेल्या खटपटीवर.

सर्दीच्या गोळीपासून सुरुवात करू, कारण ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निरुपद्रवी समजली जाते. ॲव्हिल या नावाने घरोघरी ठाऊक असलेली फेनिरामाइन काय, किंवा परदेशात झोपेची गोळी म्हणून चिठ्ठीविना विकली जाणारी डायफेनहायड्रामाइन काय, दोन्ही जुन्या पिढीतली हिस्टामिनरोधक औषधे. मेंदूला जागे ठेवण्यात हिस्टामिनचा वाटा असतो. या गोळ्या मेंदूत शिरून तो अडवतात, म्हणून पेंग येते. पण मेंदू याला लवकर सरावतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात १५ निरोगी पुरुषांना डायफेनहायड्रामाइन रोज दोनदा दिले गेले. पहिल्या दिवशी त्यांना भरपूर पेंग आली. चौथ्या दिवशी मात्र ही गोळी आणि औषध नसलेली गोळी यांत फरक उरला नाही. मग माणूस मात्रा वाढवतो आणि दुष्परिणाम तेवढे वाढतात. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, सकाळी जड डोके. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना लघवी अडण्याचा धोका. वृद्धांना गोंधळल्यासारखे होणे आणि रात्री उठताना पडणे. वृद्धांनी जी औषधे टाळावीत त्यांची एक यादी अमेरिकेतली वार्धक्यतज्ज्ञांची संस्था प्रसिद्ध करते, आणि तीत ही औषधे आहेत. घरातल्या आजीला ‘साधी गोळी’ म्हणून ती रोज देणे मला अजिबात साधे वाटत नाही.

मेलाटोनिनची गोष्ट वेगळी. ते शरीराच्या घड्याळाला रात्र झाल्याचे कळवते. गुंगी आणणे हे त्याचे काम नव्हे. म्हणून लांबच्या विमानप्रवासानंतर किंवा ज्यांचे घड्याळच दोन-तीन तास मागे पडले आहे अशांना ते उपयोगी पडते. एरवीच्या निद्रानाशात, २०१३ मधल्या एका एकत्रित अभ्यासानुसार, झोप लागायला सरासरी सात मिनिटे कमी लागतात, एवढेच. शिवाय बाटलीवर लिहिलेले बाटलीत असेलच असे नाही : कॅनडात ३१ उत्पादने तपासली, तेव्हा काहींत लिहिलेल्यापेक्षा ८३ टक्क्यांपर्यंत कमी, तर एकात चौपटीहून जास्त मेलाटोनिन निघाले. जायफळाची चिमूट दुधात खुशाल घालावी; गरम दूध शांतपणे पिण्याने मन सैलावते हे खरेच. पण गुण येत नाही म्हणून ते चमचा-चमचा वाढवू नये, त्या प्रमाणात जायफळ विषारी ठरते आणि छातीत धडधड, भ्रम असे प्रकार होतात. चिंता शमवण्यासाठी दिले जाणारे अल्प्राझोलाम तर चिठ्ठीविना घेण्याचे औषधच नव्हे. नातेवाइकाच्या पाकिटातून ते घेऊ नये, आणि बरेच दिवस घेतले असेल तर एकदम बंदही करू नये. झटके येऊ शकतात. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावी.

आता मूळ मुद्दा. समजा, एखाद्या बाईंना साडेपाच तास झोप मिळते. ती वाढावी म्हणून त्या साडेनऊलाच आडव्या होतात, सकाळी साडेसहापर्यंत पडून राहतात, दुपारी तासभर लवंडतात. प्रत्येक कृती शहाणपणाचीच वाटते. पण दुपारी लवंडल्याने साचलेली गरज खर्च होते, आणि रात्री अंथरुणात नऊ तास काढले तर साडेतीन तास जागेपणाचेच जाणार. रोज तिथे तळमळल्याने अंथरूण दिसताच मन सावध होऊ लागते. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये आणि आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये सुचवलेले उपाय म्हणूनच उलट्या दिशेने जातात. उठण्याची वेळ बाराही महिने एकच. अंथरुणातला वेळ प्रत्यक्ष झोपेच्या जवळ आणायचा : या बाईंनी साडेसहाला उठायचे असेल तर साडेबाराला, डोळे मिटू लागल्यावरच, आडवे व्हायचे. पंधरा-वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठायचे. अंथरुणातल्या वेळाचा ८५-९० टक्के भाग झोपेत जाऊ लागला की दर आठवड्याला पंधरा मिनिटे वाढवायची. पाच तासांच्या खाली मात्र कधीच जायचे नाही.

‘सवयी सुधारून पाहिल्या, काही झाले नाही’ हा आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. चहा बंद, मोबाइल बंद, खोली अंधारी, एवढ्याने जुनाट निद्रानाश जात नाही. अमेरिकेतल्या निद्राविज्ञानाच्या संस्थेने २०२१ मध्ये नुसत्या या सल्ल्याला पुरेसा उपचार मानू नये असेच सांगितले. चहा-कॉफी टाळावीच, कारण पाच तासांनंतरही त्यातले निम्मे कॅफीन अंगात असते. पण वर सांगितलेला भाग गाळून उरलेले सगळे पाळले तर हाती थोडेच लागते. दुसरा आक्षेप घरांचा. एका खोलीत पाच माणसे झोपत असताना उठून जायचे कुठे? दुसरी खोली लागत नाही. गादीवरून उठून भिंतीशी मंद उजेडात बसले तरी हेतू साधतो. सकाळी अंथरूण गुंडाळून ठेवण्याची आपली पद्धत इथे फार कामाची, दिवसभर लोळायला जागाच उरत नाही. तिसरा आक्षेप, गोळी आज झोप देते आणि हे सगळे आठवडे खाते. खरे आहे, पहिले दोन आठवडे तर थकवा वाढतोच. दुःखाच्या, आजारपणाच्या चार रात्रींसाठी डॉक्टरांना विचारून गोळी घेण्यात मला काही गैर दिसत नाही. पण तीन-तीन महिने चाललेल्या त्रासात या पद्धतीचा गुण उपचार संपल्यावरही टिकतो, गोळीचा टिकत नाही.

काहींनी मात्र हा प्रयोग घरच्या घरी करू नये : अपस्मार किंवा बायपोलर आजार असलेले, आणि ज्यांच्या हाती गाडीचे चाक किंवा यंत्र असते असे. मोठ्याने घोरणाऱ्या, दिवसा पेंगणाऱ्या माणसाला झोपेत श्वास अडण्याचा विकार असू शकतो. त्याची तपासणी आधी. संध्याकाळनंतर पाय सतत हलवावेसे वाटत असतील तर रक्तातले लोह पाहावे. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आहे असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले, तेव्हा ही शंका दूरची नाही. आणि पायांचा हा त्रास सर्दीच्या गोळीने आणखी वाढतो. रात्रपाळीवाल्यांना उठण्याची एकच वेळ ठेवता येत नाही, त्यामुळे हा हिशेब त्यांना जसाच्या तसा लागू नाही. त्यांचा विचार पुढच्या आठवड्यात.