सात जून की सहा जुलै?

मुलांनो, ७/६ ही तारीख वाचा पाहू. 'सात जून!' असं तुम्ही पटकन म्हणाल. बरोबर आहे. पण हीच तारीख अमेरिकेतल्या मुलांपुढे ठेवली, तर ती म्हणतील, 'सहा जुलै!' कारण तिकडे आधी महिना लिहितात, मग दिवस.

आमच्या कात्रजच्या शाळेतल्या चौथीच्या एका मुलीच्या घरी यामुळे मोठी पंचाईत झाली. २०२५ च्या जूनमध्ये तिच्या आजीची पंचाहत्तरी होती. मे महिन्यातच तिनं वडिलांच्या फोनवरून न्यू जर्सीच्या काकांना कळवलं, 'आजीची पंचाहत्तरी ७/६ ला. नक्की या.' काका वीस वर्षं तिकडे राहिलेले. त्यांनी वाचलं सहा जुलै! अचानक येऊन सगळ्यांना चकित करायचं, म्हणून कुणाला न सांगता तिकीटही काढलं. इकडे सात जूनला आजीला पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळलं, पण तिचं लक्ष सारखं दाराकडे. शाळा सुरू झाल्यावर ती मुलगी मला म्हणाली, "बाई, चूक माझी की काकांची?"

मी म्हटलं, "दोघांचीही नाही गं. तारीख अर्धवट होती."

मग आम्ही फळ्यावर हिशेब केला. २५/१२ मध्ये घोटाळा होत नाही, कारण पंचविसावा महिनाच नसतो. गोंधळ होतो तो प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत. बारा गुणिले बारा, १४४. त्यातून १/१, २/२ अशा सारख्या आकड्यांच्या १२ तारखा वगळा. उरल्या १३२! वर्षातल्या १३२ तारखा दोन तऱ्हांनी वाचता येतात, बरं का!

यावर उपाय सोपा आहे. महिना अक्षरांत आणि वर्ष चार आकड्यांत लिहायचं. 'शनिवार, ७ जून २०२५' असं लिहिलं, की मराठी वाचणारा कुठेही असो, चुकणार नाही. आकडेच हवे असतील तर २०२५-०६-०७ असं लिहा. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. ही जगासाठी ठरवलेली पद्धत १९८८ साली आयएसओ ८६०१ या नावानं प्रसिद्ध झाली.

शाळेच्या वेबसाइटवर कार्यक्रमाची वेळ देताना 'भारतीय वेळ' हेही लिहायला हवं. हिवाळ्यात पुण्यात रविवारी सकाळचे दहा वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये शनिवारी रात्रीचे साडेअकराच झालेले असतात!

जुन्या तारखांना तर कालगणनाही सांगावी लागते. शिवरायांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ चा. जुन्या ज्युलियन कालगणनेनं तो दिवस १९ फेब्रुवारी १६३० येतो, तर आजच्या ग्रेगोरियन कालगणनेनं १ मार्च १६३०. दिवस एकच, नावं तीन!

आता घरी एक काम करा. आईबाबांबरोबर फोनमधला एखादा निरोप किंवा आमंत्रण काढा आणि त्यातली तारीख परदेशातल्या माणसाच्या नजरेनं वाचून बघा.

आणि हो, काका सहा जुलैला आलेच! त्या दिवशी होती आषाढी एकादशी. मग साबुदाण्याच्या खिचडीवर आजीची पंचाहत्तरी पुन्हा एकदा साजरी झाली.