बुशमास्टर : फणसाच्या काट्यांचा मूक साप

भारतातील होमिओपॅथीच्या दवाखान्यांतून ‘लॅकेसिस’ हे औषधाचे नाव सर्वपरिचित आहे. ज्याच्या विषापासून ते प्रथम तयार करण्यात आले, तो साप मात्र भारतात कोठेही आढळत नाही. १८२८ साली दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम येथे कॉन्स्टंटाइन हेरिंग या जर्मन वैद्याने जंगलातून पकडून आणवलेल्या सापाचे विष काढले. त्या सापाचे प्रचलित इंग्रजी नाव ‘बुशमास्टर’, म्हणजे रानाचा धनी. लॅकेसिस हे त्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव. ग्रीक पुराणकथांत मनुष्याच्या आयुष्याचा धागा मोजणारी जी देवता आहे, तिच्यावरून ते ठेवलेले आहे. (सर्पदंशावर हे होमिओपॅथीचे औषध उपाय ठरत नाही. तेथे प्रतिविषच लागते.)

घोणस ज्या कुळात मोडते, त्याच कुळातील ‘पिट व्हायपर’ या उपकुळात बुशमास्टरचा समावेश होतो. सह्याद्रीत आढळणारा चापडा हाही याच उपकुळातला. या सापांचा डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो. भक्ष्याच्या शरीरातील उष्णता त्यास जाणवते, त्यामुळे गडद अंधारातही उंदीर नेमका कोठे आहे हे सापास कळते.

बुशमास्टरच्या साधारणतः चार जाती मानल्या जातात. एक अॅमेझॉनच्या खोऱ्यात व ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या वनांत आढळते. उरलेल्या तीन मध्य अमेरिका आणि कोलंबिया-एक्वादोरचा पॅसिफिक किनारा या पट्ट्यात आहेत. काळ्या डोक्याची जाती तर नैर्ऋत्य कोस्टारिका आणि त्यास लागून असलेल्या पनामाच्या कोपऱ्यापुरतीच मर्यादित असून, शास्त्रज्ञांनी तिचे प्रथम वर्णन १९८६ साली केले. सर्वसाधारणपणे दोन ते अडीच मीटर आणि क्वचित तीन मीटरपर्यंत वाढणारा बुशमास्टर हा घोणस कुळातील जगातील सर्वांत लांब साप होय. सर्व विषारी सापांत लांबीचा मान अर्थातच आपल्या नागराजाकडे जातो.

मुका खुळखुळा

१७६६ साली लिनियसने या सापास दिलेल्या नावाचा अर्थ ‘मुका रॅटलस्नेक’ असा होता. रॅटलस्नेकच्या शेपटीस खुळखुळा असतो, बुशमास्टरच्या शेपटीस तो नाही. तरीही डिवचल्यास तो शेपटीचे टोक इतक्या वेगाने थरथरवतो की खालचा वाळका पाचोळा खडखडू लागतो. कोस्टारिकामध्ये त्यास आजही ‘मुका खुळखुळा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. ‘बैल मारणारा’ हे तेथील दुसरे नाव.

ब्राझीलमधील नाव मराठी वाचकास अधिक जवळचे वाटावे. तेथे त्यास ‘सुरुकुकू पिको दे जाका’, अर्थात ‘फणसाच्या काट्यांचा सुरुकुकू’ म्हणतात. त्याच्या पाठीवरील प्रत्येक खवल्यावर उंचवटा असतो आणि पाठ हुबेहूब फणसाच्या सालीसारखी खरखरीत दिसते. फणस मूळचा ब्राझीलचा नव्हे. पोर्तुगीजांच्या काळात तो भारतातून तेथे पोहोचला आणि ‘जाका’ हा शब्दही मल्याळममधील ‘चक्का’वरून आलेला आहे. अशा रीतीने अमेरिकेतील एका अस्सल रानटी सापाचे नाव भारतीय फळावरून पडले.

या सापाविषयी दहशत मोठी आहे. तो माणसाच्या मागे धावतो, शेकोटीवर झेपावतो, अशा कथा अॅमेझॉन खोऱ्यात सांगितल्या जातात. अभ्यासकांस आढळलेला साप मात्र निराळाच आहे. कोस्टारिकातील ला सेल्वा येथील वनात हॅरी ग्रीन आणि मॅन्युएल सांताना यांनी या सापांच्या शिकारीचा अभ्यास करून तो १९८३ साली प्रसिद्ध केला. उंदरांच्या येण्याजाण्याच्या वाटेशेजारी वेटोळे घालून हा साप दिवसचे दिवस एकाच जागी बसून राहतो. भक्ष्य टप्प्यात आले की एकच प्रहार, आणि पुन्हा दीर्घ प्रतीक्षा. काटेरी केसांचे धष्टपुष्ट उंदीर हे त्याचे मुख्य खाद्य आणि वर्षभरात अशी मोजकीच भक्ष्ये त्यास पुरतात.

त्याच्या पुनरुत्पादनाची रीतही वेगळी आहे. अमेरिका खंडांतील जवळजवळ सर्व पिट व्हायपर पिल्लांना जन्म देतात, बुशमास्टर अंडी घालतो. आर्माडिलो किंवा पाका या प्राण्यांनी खणलेल्या बिळात मादी अंडी घालते. त्यांची संख्या बहुधा वीसच्या आतच असते. दोन-अडीच महिने ती त्यांभोवती वेटोळे घालून राहते. बीळ खणणारा प्राणी नसेल तर मादीस जागा नाही आणि दमट, थंड सावली नसेल तर सापच टिकत नाही. प्राणिसंग्रहालयांत आणलेले बुशमास्टर पूर्वी अन्न नाकारून काही महिन्यांत मरत, त्यामागे त्यांना सोसणार नाही अशा उष्णतेत ठेवले जाणे हेही एक कारण होते.

दंश झाल्यावर

बुशमास्टरचे दंश विरळ आहेत. ब्राझीलमधील एकूण सर्पदंशांत त्याचा वाटा अवघा काही टक्के असून बहुतांश दंश जराराका व तिच्या भाईबंदांचे असतात. परंतु झालेला दंश गंभीर असतो. तुलनेने त्याचे विष फार जहाल नसले तरी लांब विषदंतांतून ते मोठ्या प्रमाणात शरीरात जाते. दंशाची जागा सुजते, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. याखेरीज उलट्या, पोटात कळा, जुलाब, रक्तदाब घसरणे आणि नाडी मंदावणे ही लक्षणे दिसतात. जराराकाच्या दंशात ती सहसा नसतात, त्यामुळे साप न पाहिलेल्या डॉक्टरांस निदानासाठी त्यांचाच आधार असतो.

निदान महत्त्वाचे, कारण प्रतिविष त्या त्या सापाचेच लागते. १९०१ साली साओ पाउलो येथे स्थापन झालेल्या बुटांटान संस्थेचे संस्थापक डॉ. व्हिटाल ब्राझील यांनीच हे दाखवून दिले होते. नागाच्या विषापासून युरोपात बनवलेले प्रतिविष ब्राझीलच्या सापांवर निरुपयोगी ठरते, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. आज ब्राझीलमध्ये जराराका व बुशमास्टर या दोहोंवर चालणारे प्रतिविष तयार होते आणि सरकारी रुग्णालयांत ते विनामूल्य मिळते. कोस्टारिकात हे काम क्लोदोमिरो पिकादो संस्था करते. भारतातही हाच प्रश्न वेगळ्या रूपात आहे. येथील बहुप्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषापासून बनते. सह्याद्रीतील पिट व्हायपरांचा त्यात समावेश नाही.

अॅमेझॉनमधील खरी अडचण अंतराची आहे. दंश होतो तो रबराचा चीक वा ब्राझील नट गोळा करणाऱ्या, शिकारीस गेलेल्या माणसास, आणि तेथून रुग्णालय होडीने कित्येक तासांच्या, कधी दिवसांच्या वाटेवर असते. द्रवरूप प्रतिविष शीतकपाटातच ठेवावे लागते, त्यामुळे विजेची खात्री नसलेल्या गावात ते ठेवता येत नाही. भारतात वापरात असलेली कोरडी भुकटी या बाबतीत सोयीची ठरते.

दरम्यान, अटलांटिक किनाऱ्यालगतच्या मूळ वनाचा फार मोठा भाग ऊस, कॉफी, कुरणे आणि शहरे यांनी व्यापला आहे. उरलेल्या तुकड्यांत बुशमास्टर अजूनही आहे. बाहिया राज्याच्या दक्षिण भागात कोकोची झाडे रानाच्या सावलीत लावण्याची जुनी पद्धत असल्याने तेथील बागांतही तो अधूनमधून दिसतो आणि दिसला की बहुधा मारला जातो.