सतराशे किलोंचा हिशेब

धार जिल्ह्यातल्या राजगढजवळ इंदूर-अहमदाबाद महामार्गाच्या कडेला गाड्यांचे पाटे (लीफ स्प्रिंग) दुरुस्त करणाऱ्यांची शेड आहे. इथे येतात त्या कापूस, सोयाबीन, लसूण वाहून कंबर मोडलेल्या गाड्या. त्यांच्या रांगेत बोलेरो पिकअपवर एक घर चढलेलं दिसलं की माणूस थांबतोच. पडदे, सिंक, दोन माणसांचा बिछाना, छतावर सोलर पॅनेल. इंदूरच्या मराठी जोडप्याने हौसेने बांधून घेतलेली पेटी. मागणी एकच होती: गाडी मागून बसते, दोन पाटे वाढवून द्या.

मिस्त्री मूळचा चाळीसगावकडचा. त्याने पाट्यांना हात लावला नाही. आधी वजनकाट्यावर पाठवलं. पूर्ण गाडी एकदा, नुसती मागची चाकं एकदा.

“कंपनी सतराशे म्हणते ना साहेब, मग सगळं धरून सतराशे. पेटी, पाणी, तुम्ही, वहिनी, सगळं.”

हौशी मंडळी पेटीचं वजन पाठ करतात आणि पाणी विसरतात. 200 लिटरची टाकी म्हणजे 200 किलो. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास. मोठ्या इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या शंभरी ओलांडतात. त्यावर जनरेटर, भांडी, गाद्या. शिवाय हे वजन मागच्या धुरीच्या (अ‍ॅक्सलच्या) पुढे पडलं पाहिजे; टाकी शेवटच्या टोकाला टांगली की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात उरत नाही.

पाटा वाढवल्याने गाडी उचलली जाते, पण तिची वजन वाहण्याची मर्यादा वाढत नाही. धुरी तीच, बेअरिंग तीच, टायर तेच. टायरच्या बाजूला 108 हा आकडा छापलेला असेल तर एक टायर 1000 किलो पेलतो, 100 असेल तर 800. मागच्या दोघांची बेरीज काट्याच्या पावतीशी ताडायला पाच मिनिटं लागतात. हे गणित न करता पाटे ठोकून देणारे रस्त्यावर पुष्कळ आहेत, त्यांचा धंदाही जोरात चालतो.

याच धार जिल्ह्यात पीथमपूरला फोर्सच्या ट्रॅव्हलर गाड्या बनतात, आणि तिथेच नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा चाचणीमार्ग आहे. राजगढच्या शेडमध्ये मोजपट्टी आणि खडू. पण मिस्त्रीचं लक्ष जिथे गेलं, ते पाहण्यासारखं होतं.

भट्टीत तापलेल्या जुन्या पाट्यांना ठोकून कमान दिली, जळक्या ग्रीसचा वास शेडभर पसरला. बुश बदलले, नवे यू-बोल्ट आवळले. मग तो गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. अनेक पिकअपना मागच्या ब्रेकसाठी वजन ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. धुरीपासून त्याला एक बारीक दांडी जोडलेली असते. गाडी दबली की दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. पाटे चढवून गाडी उंच केली की व्हॉल्व्हला वाटतं, गाडी रिकामी आहे! वर सतराशे किलो असताना मागचे ब्रेक मवाळ लागतात आणि सगळा भार पुढच्यांवर येतो. माछलिया घाटाच्या उतारावर हे कळून उपयोग नसतो. दांडीचं अंतर भरल्या गाडीवर पुन्हा जुळवावं लागतं. त्याने तेच केलं, तेही दोनदा, कारण पहिल्यांदा समाधान झालं नाही.

कायद्याचं त्रांगडं वेगळंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलांपासून आरसी बुकातली नोंद वेगळी पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. नोंद मालवाहू गाडीची आहे, म्हणजे चालत्या गाडीत पेटीत कोणी झोपायचं नाही.

“शंभर किलोमीटर चालवा, मग यू-बोल्ट परत आवळून घ्या,” मिस्त्री म्हणाला. “आणि दादा, सतराशे म्हणजे सतराशे.”

जनरेटर आणि एक बॅटरी खाली उतरली. टाकी अर्धीच भरायची, हे मात्र वहिनींना मान्य नव्हतं. झाबुआत पाणी मिळतं की नाही, यावर केबिनमध्ये दोघांचं चाललेलं बोलणं गाडी महामार्गाला लागेपर्यंत ऐकू येत होतं.