सूक्ष्मजीवांच्या श्वसनाचे मोजमाप

शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रात पंप, ब्लोअर, टाक्या आणि नळ यांचा पसारा कितीही मोठा असला, तरी पाणी स्वच्छ करण्याचे मुख्य काम त्यात वाढणारे सूक्ष्मजीव करतात. या जीवांना हवा पुरवणे, त्यांना पाण्यात तरंगत ठेवणे आणि शेवटी पाण्यापासून वेगळे करणे एवढेच यंत्रसामग्रीकडे असते. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालय यांतून आलेले सेंद्रिय पदार्थ हे त्या जीवांचे अन्न. ते खाताना जीवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतात, अन्नाचा काही भाग जाळून ऊर्जा मिळवतात आणि उरलेल्या भागापासून नव्या पेशी घडवतात. घरगुती सांडपाण्याच्या बाबतीत, प्राणवायूच्या मापात मोजलेल्या अन्नापैकी ढोबळमानाने एकतृतीयांश जळते आणि दोनतृतीयांश पेशींच्या रूपाने गाळात साठते. अन्न संपले की त्याच पेशी स्वतःतील साठा जाळू लागतात. या अवस्थेला अंतर्जात श्वसन म्हणतात, आणि एक ग्रॅम पेशीद्रव्य पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १.४२ ग्रॅम प्राणवायू लागतो. भरपेट अन्न, वाढ, उपासमार, विषबाधा या प्रत्येक अवस्थेची खूण प्राणवायूच्या ग्रहणात उमटत असल्यामुळे, ते ग्रहण मोजणे हे या प्रक्रियेचे सर्वांत थेट निरीक्षण ठरते.

वायुवीजन टाकीच्या काठावर बहुतेक ठिकाणी विरघळलेला प्राणवायू दाखवणारे यंत्र बसवलेले असते, त्याला कर्मचारी ‘डीओ मीटर’ म्हणतात, आणि त्यावरचा आकडा लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास राहिला की सर्व ठीक आहे असे मानण्याचा प्रघात आहे. हा प्रघात अपुरा आहे. इमारतीच्या गच्चीवरील टाकीत पाण्याची पातळी किती आहे एवढेच पाहिले, तर आत किती पाणी येत आहे आणि घरांतून किती वापरले जात आहे हे त्यावरून कळत नाही; त्याचप्रमाणे डीओचा आकडा हा ब्लोअरने होणारा पुरवठा आणि जीवाणूंकडून होणारा वापर या दोहोंच्या वजाबाकीतून शिल्लक राहिलेला असतो. तो अचानक ५ किंवा ६ वर गेला, तर हवा गरजेपेक्षा जास्त सोडली जात असेल, किंवा येणारे सांडपाणी पातळ झाले असेल, किंवा एखाद्या विषारी द्रव्याने जीवाणूंचे श्वसनच मंदावले असेल. तिसऱ्या स्थितीत मीटरवरचा आकडा सर्वांत समाधानकारक दिसतो आणि टाकी मात्र निकामी होत चाललेली असते.

या शास्त्राचा पाया इंग्लंडमध्ये घातला गेला. सांडपाण्याच्या विल्हेवाटीसाठी १८९८ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने १९१२ सालच्या आठव्या अहवालात, नदीत सोडायच्या पाण्याने बाटलीत बंद राहून पाच दिवसांत किती प्राणवायू खाल्ला ही कसोटी ठरवली. हीच पुढे जैवरासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजे ‘बीओडी’ या नावाने जगभर रूढ झाली. आयोगाचा हिशेब साधा होता. नदीच्या पाण्यात ही मागणी लिटरला ४ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, नदीच्या स्वच्छ पाण्याची स्वतःची मागणी २ मिलिग्रॅम धरावी आणि सोडलेल्या पाण्यात त्याच्या आठपट नदीचे पाणी मिसळेल असे मानावे, तर सोडलेल्या पाण्याची मर्यादा २० मिलिग्रॅम येते. पाच दिवसांचा कालावधी का निवडला, याचे नेहमी दिले जाणारे कारण असे, की ब्रिटनमधील नद्यांचे पाणी त्याहून कमी वेळात समुद्राला मिळते. त्या वेळी विरघळलेला प्राणवायू मोजण्याची खात्रीशीर रासायनिक रीत उपलब्ध होती, कारण बुडापेस्टमधील लायोश विंक्लर यांनी ती १८८८ मध्येच प्रसिद्ध केली होती: मँगनीजचा क्षार आणि अल्कली घालून पाण्यातील प्राणवायू अवक्षेपात बांधून घ्यायचा, मग आम्ल घालून त्याच्या प्रमाणात आयोडीन मुक्त करायचे आणि ते थायोसल्फेटने मोजायचे. शतकाहून अधिक काळ लोटूनही प्रयोगशाळांत ही रीत चालू आहे, यावरूनच तिचा भक्कमपणा कळतो.

दुसरा टप्पा मँचेस्टरजवळील डेव्हीहल्म येथील केंद्राचा. गिल्बर्ट फाउलर यांनी १९१२ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स येथे सांडपाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग पाहिले होते, आणि त्यांच्या सूचनेवरून एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी बाटल्यांत सांडपाणी भरून त्यात हवा सोडण्यास सुरुवात केली. पहिल्या वेळी अमोनियाचे पूर्ण नायट्रेट होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. परंतु तळाशी बसलेला गाळ फेकून न देता त्यांनी त्यावर पुन्हा पुन्हा ताजे सांडपाणी ओतले, तेव्हा गाळ वाढत गेला आणि तेच काम २४ तासांच्या आत होऊ लागले. एप्रिल १९१४ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले आणि त्या गाळाला ‘सक्रिय गाळ’ हे नाव दिले. पुढे १९१६ मध्ये फाउलर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, त्यामुळे या प्रक्रियेच्या प्रारंभीच्या ज्ञानाचा भारताशी जवळचा संबंध जडला.

बीओडी ही कसोटी नदीच्या संरक्षणासाठी योग्य आहे, पण केंद्र चालवण्यासाठी ती फार उशिरा उत्तर देते. भारतातील हवामान लक्षात घेऊन येथे २० अंश सेल्सिअसला पाच दिवसांऐवजी २७ अंशांना तीन दिवस ही पद्धत स्वीकारली गेली आणि नदी-नाल्यांत सोडायच्या पाण्यासाठी लिटरला ३० मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा त्याच पद्धतीवर आधारलेली आहे. तरीही सोमवारी घेतलेल्या नमुन्याचे उत्तर गुरुवारी हाती येते, तोवर ते पाणी कित्येक किलोमीटर पुढे गेलेले असते. वायुवीजन टाकीतील घडामोडी तासांच्या हिशेबाने होतात, म्हणून त्यांच्यासाठी मिनिटांत उत्तर देणारे माप हवे, आणि ते माप म्हणजे प्राणवायू-ग्रहणाचा दर, ज्याला या व्यवसायात ‘ओयूआर’ या आद्याक्षरांनी ओळखतात.

या मोजणीसाठी लागणारे साहित्य थोडके आहे: ३०० मिलिलिटरची बीओडीची बाटली, तिच्या तोंडात घट्ट बसणारा डीओ मीटरचा संवेदक, चुंबकीय ढवळणी आणि घड्याळ. वायुवीजन टाकीतून गाळमिश्रित पाणी घ्यायचे, गरज असल्यास ते हलवून त्यातील प्राणवायू वाढवायचा, बाटली काठोकाठ भरून बुडबुडा राहणार नाही अशा रीतीने संवेदक बसवायचा आणि ढवळत असताना दर मिनिटाला आकडा टिपायचा. बाहेरून हवा मिळत नसल्याने आकडा उतरत जातो आणि नोंदी आलेखावर मांडल्या की बहुधा सरळ रेषा मिळते. त्या रेषेचा उतार हाच दर. उदाहरणार्थ, आकडा ६.५ वरून ८ मिनिटांत २.५ वर आला, तर मिनिटाला ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे ताशी लिटरला ३० मिलिग्रॅम प्राणवायू खर्च झाला. नमुना घेतल्यावर विलंब करणे ही यातील सर्वांत मोठी चूक, कारण नमुना उभा राहिला तर जीवाणू उरलेले अन्न संपवतात आणि प्रयोगशाळेत पोचलेला गाळ टाकीतील गाळाहून वेगळ्या अवस्थेत असतो. तापमानही नोंदवावेच लागते, कारण दर दहा अंशांनी श्वसनाचा वेग जवळपास दुप्पट होतो. शिवाय आकडा १ मिलिग्रॅमच्या जवळ आल्यावर प्राणवायूच्या टंचाईमुळेच वेग मंदावू लागतो, म्हणून रेषेचा तो शेवटचा भाग हिशेबात धरू नये.

संवेदकाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण मोजणीची विश्वासार्हता त्याच्यावर अवलंबून असते. अमेरिकी शास्त्रज्ञ लेलंड क्लार्क यांनी १९५०च्या दशकात रक्तातील प्राणवायूसाठी पातळ पडद्यामागे इलेक्ट्रोड बसवण्याची युक्ती काढली आणि तीच पुढे सांडपाण्यात वापरली गेली. या प्रकारचा संवेदक मोजताना स्वतःही थोडा प्राणवायू वापरतो, म्हणून पडद्यासमोरून पाणी सतत वाहते ठेवावे लागते. अलीकडचे प्रकाशीय संवेदक निळ्या प्रकाशाने एका रंगद्रव्याला चमकवतात आणि प्राणवायूमुळे ती तांबडी चमक किती लवकर विझते यावरून प्रमाण ठरवतात, त्यामुळे गाळाच्या पाण्यात ते अधिक काळ बिनतक्रार चालतात.

ताशी ३० मिलिग्रॅम हा आकडा एकटा फारसे बोलत नाही, कारण जीवाणू किती आहेत हे कळल्याशिवाय प्रत्येकाचा वाटा कळत नाही. म्हणून त्याला गाळातील बाष्पनशील घनपदार्थांच्या, म्हणजे ५५० अंशांना जळून जाणाऱ्या सेंद्रिय भागाच्या प्रमाणाने भागतात. तो भाग लिटरला २.५ ग्रॅम असेल, तर विशिष्ट दर एका ग्रॅममागे ताशी १२ मिलिग्रॅम येतो. घरगुती सांडपाण्याच्या केंद्रात साधारण ८ ते २० हा पल्ला निकोप मानतात. त्यावरचा आकडा सहसा अन्नाचा भार वाढल्याचे सुचवतो, खालचा आकडा मात्र दोन परस्परविरोधी अर्थांचा असू शकतो. जीवाणू उपाशी असले तरी श्वसन मंद असते आणि विषबाधा झाली तरी ते मंदच असते. या दोहोंतला फरक ओळखण्याची रीत सोपी आहे: त्याच गाळात थोडे ताजे, निवळलेले घरगुती सांडपाणी किंवा सोडियम ॲसिटेट घालून पुन्हा मोजावे. दर झपाट्याने वाढला, तर गाळ भुकेला पण धडधाकट आहे. अन्न देऊनही तो हलला नाही, तर येणाऱ्या पाण्यात काहीतरी घातक आले आहे असे समजून शोध सुरू करावा. या दुसऱ्या मोजणीला आणखी दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात मिळणारी माहिती दुसऱ्या कोणत्याही नित्याच्या चाचणीतून मिळत नाही.

रसायनांची विषारकता ठरवण्यासाठी हेच तत्त्व आंतरराष्ट्रीय मानकात बसवले गेले आहे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या, म्हणजे ‘ओईसीडी’च्या, २०९ क्रमांकाच्या चाचणीत सक्रिय गाळाला कृत्रिम सांडपाण्याबरोबर वेगवेगळ्या प्रमाणांत रसायन देतात, तीन तासांनी श्वसनाचा दर मोजतात आणि तो निम्म्यावर आणणारे प्रमाण काढतात. महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींत अनेक कारखान्यांचे सांडपाणी एकत्र आणून त्यावर प्रक्रिया करणारी जी सामाईक केंद्रे आहेत, त्यांना या तत्त्वाची गरज सर्वाधिक आहे, कारण तेथे कोणत्या कारखान्याच्या टाकीतून केव्हा काय येईल याचा अंदाज बांधणे कठीण असते आणि एका रात्रीत मेलेला गाळ पुन्हा उभा करायला आठवडे जातात.

यात नायट्रीकरण करणाऱ्या जीवाणूंचा विचार वेगळा करावा लागतो. ते अमोनियाचे नायट्रेट करतात, त्यासाठी एका ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सैद्धांतिक हिशेबाने ४.५७ ग्रॅम प्राणवायू लागतो. त्यांची वाढ संथ असते आणि विषाचा पहिला फटका बहुधा त्यांनाच बसतो. ॲलाइलथायोयुरिया हे द्रव्य घातले की त्यांचे श्वसन थांबते आणि इतरांचे चालू राहते, म्हणून ते घालण्यापूर्वीचा आणि नंतरचा दर यांतील फरक हा नायट्रीकरणाचा वाटा ठरतो. अशाच बारीक मोजण्यांतून, ताजे सांडपाणी घातल्यावर दर आधी किती उंच चढतो आणि नंतर कसा पायरीपायरीने उतरतो हे पाहून, सहज पचणारे आणि सावकाश पचणारे अन्न वेगळे करता आले. केपटाऊन विद्यापीठातील खेरिट मराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या कामाचा १९८७ साली आंतरराष्ट्रीय गटाने मांडलेल्या सक्रिय गाळाच्या पहिल्या गणिती प्रारूपाला मोठा आधार मिळाला.

विजेच्या हिशेबातही या दराचे महत्त्व आहे, कारण सक्रिय गाळाच्या केंद्रातील निम्मी किंवा त्याहून अधिक वीज हवा सोडण्यावर खर्च होते. टाकीची क्षमता १० लाख लिटर आणि दर ताशी ३० मिलिग्रॅम असेल, तर जीवाणूंना तासाला ३० किलो प्राणवायू हवा. मध्यरात्रीनंतर सांडपाणी कमी आणि पातळ झाल्यावर दर घटला, तर तेवढ्याच ब्लोअरची गरज उरत नाही. विदर्भातील उन्हाळ्यात हे गणित उलट बाजूने बिकट होते. शुद्ध पाण्यात समुद्रसपाटीवर २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो सुमारे ७.६ इतकाच मावतो, आणि त्याच वेळी जीवाणूंची मागणी वाढलेली असते.

केंद्रांकडून मागवल्या जाणाऱ्या अहवालांचा भर बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या बीओडी, रासायनिक प्राणवायू मागणी (‘सीओडी’) आणि तरंगत्या घनपदार्थांवर असतो. नियमनासाठी तो रास्त आहे, पण त्यामुळे बाहेरच्या पाण्याचा आकडा जपला जातो आणि ते पाणी घडवणाऱ्या गाळाच्या प्रकृतीकडे लक्ष राहत नाही. ओयूआरची नोंद प्रत्येक पाळीत एकदा, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी घ्यावी, तिच्याशेजारी तापमान व गाळाचे प्रमाण लिहावे, आणि पाठ्यपुस्तकातील पल्ल्यापेक्षा त्या केंद्राच्या स्वतःच्या मागील महिन्यांच्या आकड्यांशी तिची तुलना करावी, कारण प्रत्येक गावाचे सांडपाणी वेगळे असते आणि त्यावर पोसलेला गाळही. ही नोंद घेणाऱ्या ऑपरेटरला त्या आकड्याचा अर्थ शिकवला आणि त्यावरून ब्लोअर कमी-जास्त करण्याचा अधिकार दिला, तर विषारी लोंढा आल्याचे पाणी बाहेर पडण्याआधीच लक्षात येते, आणि येणारा प्रवाह साठवण टाकीकडे वळवण्यास काही तासांची सवड मिळते.